विमानाचं दार जरा लवकर उघडलं

तो व्हिडिओ तुम्ही बघितलाच असणार. नसेल आठवत तर आधी तो सांगते, मग पुढचं बोलू.

रविवारची रात्र, २५ मे २०२५. हनोईच्या विमानतळावर फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान येऊन थांबलंय. जिना लागलाय, खाली स्वागताला माणसं उभी आहेत, कॅमेरे दाराकडे रोखलेले. दार उघडतं. आत इमॅन्युएल मॅक्रॉन उभे दिसतात, बाजूने. ते कुणाशी तरी बोलतायत, पण ती व्यक्ती दाराच्या आड आहे. तेवढ्यात तिकडून लाल बाह्यांचे दोन हात येतात आणि थेट त्यांच्या तोंडावर पडतात. ढकलल्यासारखे. मॅक्रॉन दचकतात, वळून बघतात, आणि मग त्यांच्या लक्षात येतं की दार उघडं आहे. पुढच्या सेकंदाला चेहऱ्यावर हसू, हात वर, अभिवादन. थोड्या वेळाने दोघं बाहेर येतात. लाल जॅकेट ब्रिजित मॅक्रॉन यांच्या अंगात आहे, म्हणजे हात कुणाचे हे सांगायला नको. जिना उतरताना ते बायकोपुढे हात करतात. त्या तो धरत नाहीत, कठडा धरून उतरतात.

बस. एवढंच. दार उघडल्यापासूनचा मुख्य भाग धरला तर इन्स्टाच्या एका स्टोरीतही जागा उरेल.

नवरा-बायकोने परदेशात जाऊन फजिती करून घ्यायचे प्रकार आपल्याला काही नवीन नाहीत. चेक-इनच्या काउंटरवर बॅगेचं वजन जास्त भरलं की अख्ख्या रांगेसमोर ती उघडावी लागते, आणि 'मी सांगत होते, एवढी लोणच्याची बरणी नको' हा संवाद सगळं विमानतळ ऐकतं. पण ती फजिती त्या रांगेपुरती असते. फार तर घरी आल्यावर काकू चार जणींना सांगते. मॅक्रॉन दांपत्याची दुसऱ्या दिवशी सकाळी जगातल्या बहुतेक फोनमध्ये होती.

आणि गंमत म्हणजे ते व्हिएतनामला कशासाठी गेले होते हे कुणाला सांगताच येत नाही. माझ्या वर्गातल्या मुलामुलींना विचारून बघितलं. आम्ही मास कॉमचे, आम्हाला तरी माहीत असायला हवं. एकालाही आलं नाही. म्हणून सांगते: व्हिएतनाम १९५४ पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात होता, आणि फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष तिथे जवळपास नऊ वर्षांनी जात होता. दक्षिण-पूर्व आशियाच्या दौऱ्याचा तो पहिला टप्पा, पुढे इंडोनेशिया आणि सिंगापूर. या भेटीत व्हिएतजेट या तिथल्या विमान कंपनीने एअरबसच्या २० मोठ्या विमानांचा करार केला. वीस विमानं! आपण दोन हात बघत बसलो.

खुलाशाची गडबड

आता मला जो भाग सगळ्यात रंजक वाटतो तो. व्हिडिओ असोसिएटेड प्रेसच्या कॅमेऱ्यातला होता. म्हणजे कुणी तरी झाडामागे लपून चोरून काढलेला नव्हता. परदेश दौऱ्यात नेता उतरतानाचा 'दार उघडलं आणि ते बाहेर आले' हा शॉट सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून दार उघडायच्या आधीपासून कॅमेरा सुरू ठेवतात. दार नक्की कुठल्या सेकंदाला उघडेल हे कॅमेरामनला माहीत नसतं. त्या रात्री ते आतल्या दोघांनाही माहीत नव्हतं.

एलिझे म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय. त्यांनी काय केलं? आधी व्हिडिओच्या खरेपणावरच प्रश्नचिन्ह लावलं. मग तो खरा आहे हे मान्य करावं लागलं. मग सांगण्यात आलं की दौरा सुरू होण्याआधी दोघं थोडी थट्टामस्करी करत होते, जवळिकीचा क्षण होता. शेवटी स्वतः मॅक्रॉन हनोईत पत्रकारांसमोर बोलले आणि म्हणाले की आमची थोडी कुरबूर, खरं तर थट्टाच चालली होती, आणि त्याची आता जणू जागतिक आपत्ती करून टाकली आहे.

जनसंपर्काच्या पेपरला हा प्रश्न आला तर उत्तर दोन ओळींत संपेल. जे शेवटी सांगितलं ते आधी सांगितलं असतं, तर निम्मी गोष्ट तिथेच थांबली असती. 'हो, आम्हीच. बायको आहे माझी, चालायचंच.' यावर किती मीम होणार? पण एकदा 'व्हिडिओ खरा नसेल' म्हटलं की पुढचं सगळं खरं असलं तरी ऐकणारा आधीच डोळे बारीक करून बसलेला असतो. आपल्या घरीही हेच होतं की. रात्री उशिरा आल्यावर 'कुठे होतास' याला पहिलं उत्तर चुकलं की दुसऱ्या खऱ्या उत्तराला काही किंमत नसते.

त्या मधल्या रिकाम्या वेळात बाकीच्यांनी हात धुऊन घेतले. रशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या मारिया झाखारोव्हा यांनी टेलिग्रामवर खिल्ली उडवली, आणि हा 'क्रेमलिनचा हात' तर नव्हे ना, असं खोचकपणे विचारलं. चार-पाच दिवसांनी व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांना पत्रकारांनी विचारलं, की एका राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याला संसाराबद्दल काय सल्ला द्यावा. त्यांचा सल्ला साधा होता: दार बंद राहील एवढं बघा. काही वर्तमानपत्रांनी तर ओठांच्या हालचाली वाचणारे तज्ज्ञ गाठले, जिन्यावर दोघं काय पुटपुटले ते कळावं म्हणून. नवरा-बायको जिन्यावर काय पुटपुटतात हे जाणून घेण्यासाठी तज्ज्ञ!

पण मॅक्रॉन यांनी त्या दिवशी आणखी एक मुद्दा मांडला, आणि तो मला डोक्यातून काढता येत नाहीये. ते म्हणाले की गेल्या तीन आठवड्यांत लोकांनी माझे तीन व्हिडिओ बघितले. एक कीव्हला जाणाऱ्या ट्रेनमधला, ज्यात टेबलावरचा चुरगळलेला टिश्यू पेपर म्हणजे कोकेनची पुडी आहे असं पसरवलं गेलं. दुसरा अल्बानियात तिरानाच्या परिषदेतला, ज्यात तुर्कस्तानचे एर्दोगान त्यांचं बोट धरून ठेवतात आणि त्याला दोघांची कुस्ती ठरवलं गेलं. आणि तिसरा हा. त्यांचं म्हणणं, तिन्ही व्हिडिओ खरे आहेत, आणि तिन्हींना चिकटवलेला अर्थ खोटा.

हे वाक्य पुन्हा वाचा. आपल्याला फेक न्यूजबद्दल जे शिकवतात ते बहुतेक खोट्या फोटोंबद्दल असतं. एआयने बनवलंय का बघा, बोटं मोजा, सावली कुठे पडते ते तपासा. इथे सगळी बोटं बरोबर आहेत, सावलीही जागच्या जागी आहे. तरी आपल्याला काय दिसलं हे आपल्याला सांगता येत नाही. क्लिपला संवाद नाही. आधीचा एक मिनिट नाही. बाईंचा चेहराही नाही, फक्त हात आहेत. उरलेलं सगळं आपण भरलं.

आणि भरायला माल तयारच होता. ब्रिजित यांचा जन्म एप्रिल १९५३ चा, मॅक्रॉन यांचा डिसेंबर १९७७ चा. आमियाँच्या ज्या शाळेत ते शिकले तिथे त्या शिक्षिका होत्या. दोघांचं लग्न २००७ मध्ये झालं. ही गोष्ट सुरू कशी झाली याबद्दल लोकांचे आक्षेप आहेत, काही गंभीर आहेत, ते असू देत. पण ब्रिजित जन्माने पुरुष आहेत अशी तद्दन अफवाही वर्षानुवर्षं फिरते आहे, आणि तिच्यावरून या दोघांनी जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात मानहानीचा दावा लावला. अशा जोडप्याचे दोन हात दिसले की ज्याला जे सिद्ध करायचं असतं ते त्याच्यासाठी सिद्ध होतं.

जयपूरचा मुका, जोहान्सबर्गचा सेल्फी

हे काही रीलच्या काळात सुरू झालं नाही. यातला एक गाजलेला प्रसंग तर आपल्याच देशात घडला, तेव्हा आपल्यातलं कुणी जन्मालाही आलं नव्हतं. फेब्रुवारी १९९२. ब्रिटनचे राजपुत्र चार्ल्स आणि डायना भारतात आले होते. डायना ताजमहालासमोरच्या बाकावर एकटी बसली, चार्ल्स दुसऱ्याच कार्यक्रमाला होते. प्रेमाच्या स्मारकासमोर एकटी बायको. फोटोग्राफरना आणखी काय हवं? मग जयपूरला पोलोचा सामना झाला, चार्ल्स खेळले आणि बक्षीस द्यायला डायना. ते मुका घ्यायला पुढे झाले, तिने ऐन वेळी मान वळवली, आणि तो मुका कानामानेच्या आसपास कुठे तरी पडला. हजारो लोकांसमोर, रांगेत उभ्या असलेल्या कॅमेऱ्यांसमोर.

तेव्हाही सगळ्यांनी अर्थ काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत दोघं वेगळे होत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे फोटो बरोबर बोलत होता! तुम्ही म्हणाल, मग आमचं चुकलं कुठे?

थांबा, दुसरं उदाहरण ऐका. १० डिसेंबर २०१३, जोहान्सबर्ग. नेल्सन मंडेला यांची श्रद्धांजली सभा. बराक ओबामा, डेन्मार्कच्या पंतप्रधान हेले थोर्निंग-श्मिट आणि ब्रिटनचे डेव्हिड कॅमेरून एका फोनकडे बघून सेल्फी काढतायत, आणि बाजूला मिशेल ओबामा समोर बघत बसल्यात, चेहरा असा की बघणाऱ्याला घाम फुटावा. झालं. 'घरी गेल्यावर बघते तुझ्याकडे' या अर्थाची मीम जगभर फिरली. तो फोटो काढणारे एएफपीचे रॉबर्टो श्मिट इतके वैतागले की त्यांनी स्वतः लिहून सांगितलं: काही क्षण आधी याच मिशेल आजूबाजूच्यांशी हसत-बोलत होत्या, कॅमेरून आणि त्या डॅनिश पंतप्रधानांशीसुद्धा. तो कडक चेहरा हा निव्वळ योगायोगाने टिपलेला क्षण होता. स्टेडियममध्ये लोक गात होते, नाचत होते, ते काही सुतकी वातावरण नव्हतंच. फोटो काढणाऱ्या माणसाने स्वतः सांगितलं की फोटो फसवू शकतो. मीम तरीही फिरत राहिली, आजही सापडतात.

आता दोन्ही फोटो शेजारी ठेवा. एक खरं बोलला, एक खोटं. दिसायला दोन्ही सारखेच: चारचौघांत, परक्या देशात, आणि दोघांत काही तरी अवघडलेलं. फोटो बघून कुठला कुठला हे सांगता आलं असतं? मला नाही वाटत. जयपूरचा अंदाज बरोबर निघाला हे आपल्याला डिसेंबरमध्ये कळलं, त्या दिवशी नाही. तिसरा हवा असेल तर २२ मे २०१७ चा तेल अवीवचा आहे. लाल गालिच्यावर ट्रम्प मागे हात करतात आणि मेलानिया तो झटकून टाकतात. त्याचा अर्थ काय होता ते अजून कुणी सांगू शकलेलं नाही. सांगणारे खूप आहेत, ते सोडा.

परदेशातच हे इतकं का घडतं, याचाही मी विचार केला. घरी भांडण झालं तर दुसरी खोली असते. दौऱ्यावर विमानाची केबिन हीच शेवटची खासगी जागा, तिच्यापुढे सगळा रंगमंच. आणि बायकोची भूमिका तर अजबच. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला घटनेत काही स्थान नाही. २०१७ मध्ये ब्रिजित यांना अधिकृत दर्जा द्यायचं चाललंय म्हटल्यावर विरोधातल्या याचिकेवर लाखो सह्या झाल्या होत्या. म्हणजे पद नाही, पगार नाही, पण लांबच्या प्रवासानंतर रात्रीच्या वेळी जिना उतरताना नवऱ्याचा हात धरून हसायचं, ही ड्युटी मात्र आहे. ती चुकली की जगभर बातमी.

आणि उलट असतं तर?

इथपर्यंत लिहून मला छान वाटत होतं. मग आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मित्राने लिहिलं, 'त्याने तिच्या तोंडावर हात मारला असता तर तू हा लेख लिहिला असतास का? जवळिकीचा क्षण म्हणून?'

ग्रुपवर पंधरा मिनिटं शांतता. आमच्या ग्रुपवर पंधरा मिनिटं शांतता परीक्षेच्या काळातही नसते.

प्रश्न रास्त आहे. लाल बाह्या त्यांच्या आणि चेहरा तिचा असता, तर कुणी मीम केली नसती. एलिझेचा 'थट्टामस्करी' हा खुलासा कुणी क्षणभर ऐकून घेतला नसता, आणि मीही घेतला नसता. बायकांना मार खाण्याचा जो इतिहास आहे त्यामुळे आपण तिथे आधी घाबरतो, आणि ते बरोबरच आहे. पण म्हणून पुरुषाच्या तोंडावर हात पडला की तो विनोदच असतो, असं होत नाही. त्या मित्राने पुढे जे लिहिलं ते मी त्याला विचारून इथे देतेय, नाव न देता. त्याची आधीची गर्लफ्रेंड त्याला चारचौघांत टपली मारायची, मग थप्पड, मग एकदा हातातला फोन. कट्ट्यावर सगळे हसायचे. तोही हसायचा, कारण हसलं नाही तर 'एवढंही सहन होत नाही का रे' ऐकावं लागायचं. मॅक्रॉन यांचं ते झटकन आलेलं हसू आणि वर गेलेला हात बघून त्याला कसंसंच झालं, असं त्याने लिहिलं.

याचा अर्थ मॅक्रॉन यांच्या घरात काही तरी भयंकर चाललंय, असा मी काढणार नाही. तो काढला तर वरची सगळी पानं फुकट. पण 'तिथे काहीच नव्हतं' हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या दोन सेकंदांतून दोन्ही सांगता येत नाही. मला खटकतं ते एवढंच, की आपण सगळे इतका वेळ ती क्लिप बघत होतो आणि माझ्या मित्राकडे, जो आमच्या शेजारी बसून वडापाव खात होता, कुणी एकदाही वळून विचारलं नव्हतं. कट्ट्यावर तर संवादही ऐकू येत होते, आधीचा मिनिटही माहीत होता आणि पुढचाही.

तुमच्याही कॉलेजात पार्किंगमध्ये कुणाचं तरी वाजत असेल. लोकलच्या डब्यात, मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर जोडपी भांडतात आणि समोरचा फोन काढतो. भीती वाटण्यासारखं काही असेल तर मधे पडायला, निदान 'ठीक आहेस ना?' विचारायला दोन हात मोकळे लागतात. एका हातात फोन असला की ते जमत नाही. आणि भीतीचं काही नसेल, नुसतीच कुरबूर असेल, तर रेकॉर्ड करून तुम्ही नक्की काय मिळवणार? तुमच्या आईबाबांचं ते चेक-इनच्या रांगेतलं लोणच्याचं भांडण कुणी टाकलं असतं, वर म्युझिक लावून, तर?

जाता जाता पुढची हकिकत. हनोईनंतर दीड महिन्याने, ८ जुलैला, मॅक्रॉन दांपत्य ब्रिटनच्या दौऱ्यावर गेलं. लंडनजवळच्या नॉर्थोल्टच्या हवाई तळावर स्वागताला विल्यम आणि केट उभे. विमानाचा जिना, मॅक्रॉन खाली उतरून बायकोसाठी हात पुढे करतात, आणि ७२ वर्षांच्या ब्रिजित तो न धरता कठडा धरून उतरतात. काही मिनिटांत क्लिप सगळीकडे. या वेळी बातमीत हनोईचा व्हिडिओही जोडून दिला होता, कुणाला आठवत नसेल तर म्हणून.